कळस खिंडीत बसेपर्यंत

मला दिशा कळत नाहीत. हा विनय नव्हे, आमच्या घरात ही सर्वमान्य गोष्ट होती. राहुरीच्या बाजारात एका बोळातून आत शिरून दुसऱ्या बोळातून बाहेर पडले, की मला आपलंच गाव परकं वाटायला लागायचं. आई म्हणायची, "हिला सासरी धाडली तर ही म्हायेराला यायची कशी? वाटंतच ऱ्हाईल कुठंतरी." मी चिडून काहीतरी उलट बोलायचे आणि सगळे आणखी हसायचे. त्यात वडील एसटीचे ड्रायव्हर. आप्पांनी जन्मात कुणाला रस्ता विचारला नसेल. त्यांना एखाद्या गावाची वाट विचारली, तर ते खाटेवर बसल्या बसल्या हातांनी स्टिअरिंग फिरवत आणि पायाने क्लच दाबत सांगायचे. वळण आलं की अंगसुद्धा वळायचं. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण बघायला मजा यायची.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मला राहुरीतच माती तपासणीच्या एका प्रकल्पात नोकरी लागली. गावोगाव फिरायचं, ठरवून दिलेल्या शेतांतून मातीचे नमुने आणायचे आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच जागेवरचे नमुने घ्यायचे. 'त्याच जागेवरचे' हे शब्द मी दोनदा विचारून घेतले. नोकरी टिकणार नाही याची मला खात्रीच होती.

पण माझं नशीब बरं. त्याच सुमाराला प्रकल्पाकडे एक जीपीएस यंत्र आलं होतं. करड्या रंगाचं, हातात मावेल पण खिशात मावणार नाही असं, वर बोटाएवढा अँटेनाचा खुंट. पेन्सिल सेल तर ते शेंगदाणे खाल्ल्यासारखं खायचं. आमचे साहेब ते कपाटात कुलूप लावून ठेवत. बाकीच्यांना त्यात रस नव्हता. शेत शोधायला यंत्र कशाला, पारावर विचारलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र ते यंत्र बघून खरंच भरून आलं. मी कुठे आहे हे मला न चिडवता सांगणारं जगात कुणीतरी निघालं होतं.

साहेबांनी मला ते शिकवलं. ते कमी बोलायचे आणि बोलले की टोचून बोलायचे, पण त्यांनी शिकवलं ते हातचं न राखता. पहिल्या दिवशी मी यंत्र घेऊन लिंबाच्या सावलीत उभी राहिले. पडद्यावर काही येईना. साहेब म्हणाले, "त्याला आभाळ दिसलं पाहिजे. तुम्हाला सावली हवी, त्याला ऊन हवं. कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा." मी उन्हात गेले. बराच वेळ वाट बघितल्यावर एकेक उपग्रह सापडत गेला आणि शेवटी आकडे आले. अक्षांश, रेखांश. शाळेत भूगोलाच्या पेपरात ज्यांनी माझा जीव घेतला होता, तेच आता माझ्या कामाला येणार होते.

मग बाण. ज्या जागी जायचं तिचे आकडे भरले, की पडद्यावर बाण यायचा आणि खाली अंतर. मी उभ्या जागी गोल फिरून बघितलं. बाण माझ्याबरोबरच फिरला. मी जिकडे तोंड करीन तिकडे बाणाचंही तोंड. मला वाटलं, हे माझ्याच वळणावर गेलंय. मी रागारागाने ते साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. ते म्हणाले, "उभं राहून त्याला दिशा कळत नाही. आधी चाला. चालायला लागलात की ते सांगेल, तुम्ही बरोबर निघालात की चुकीचं."

पुढच्या आठवड्यात मी बाणाच्या मागे मागे एका बाईच्या कांद्याच्या वाफ्यांत शिरले. बाण सरळ दाखवतो. त्याला बांध, विहीर, काटेरी कुंपण यांच्याशी काही देणंघेणं नसतं. ती बाई खुरपं घेऊन उभी राहिली. "आगं बाई, तुला डोळं हायेत का न्हाई? बांधानं चाल की! कांदं तुडवत कुठं निघालीस?" मी हातातलं यंत्र दाखवलं. अँटेनाचा खुंट बघून तिला तो रेडिओ वाटला. "रेडू बघत चालती व्हय?" मग मला बांधावर बसवून पाणी दिलं, आणि ही सरकारी मोजणी नाही ना, याची तीन-चारदा खात्री करून घेतली. त्या दिवसापासून मी एक डोळा बाणावर आणि एक जमिनीवर ठेवायला शिकले.

आणखी एक गोष्ट साहेबांनी समजावली. ज्यांचे उपग्रह आहेत ते परदेशी लोक आकड्यांत मुद्दाम थोडी चूक घालतात, म्हणून आपल्याला खरी जागा कधीच नेमकी मिळत नाही. त्यांनी यंत्र कट्ट्यावर ठेवून दाखवलं. ते बसल्या जागी फिरत होतं. आकडे वाऱ्यावरच्या पदरासारखे इकडून तिकडे हलत होते. "यावर उपाय म्हणजे धीर," साहेब म्हणाले. "सपाट जागी ठेवायचं, हलवायचं नाही, भरपूर वेळ द्यायचा, म्हणजे सरासरी बरी येते. घाईत घेतलेली जागा दगा देते. आणि पुन्हा तिथे जाल तेव्हा ते तुम्हाला जवळपास नेईल. नेमकं तुम्हालाच शोधायचंय."

मी या सगळ्यात रमले होते, तोच आप्पांचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. ते नुकतेच निवृत्त झाले होते. जेवताना शेजारी ठेवलेला तांब्या त्यांच्या हाताने सारखा लवंडायचा. आई करवादायची, ते हसण्यावारी न्यायचे. मग एकदा ते दाराच्या चौकटीवर आपटले, आणि मी त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. कडेकडेची नजर आधीच गेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली टिकवायची, असं डॉक्टर म्हणाले आणि थेंब लिहून दिले.

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, त्यांना आपल्या गाडीची, रस्त्याची आठवण येत असेल. ते म्हणाले, "पोरी, ती जागा माज्या डोळ्यांत हाय. आन् डोळंच चाललेत."

कुठली जागा, ते त्यांना मला सांगावं लागलं नाही. आप्पांचे आईवडील पाथर्डीकडचे, कोरडवाहू मुलखातले. दिवाळी झाली की बागायती भागात उसाच्या कामाला जायचे, तेव्हा पायी. आप्पा लहान होते. एका वर्षी वाटेत, शेवगावच्या अलीकडे, माझ्या आजीला, म्हणजे आप्पांच्या आईला, ताप भरला आणि ती माळावरच गेली. आमच्या माणसांना तेव्हा कुठल्या परक्या गावच्या मसणवट्यात जागा मिळणार नव्हती. बरोबरच्या लोकांनी माळावरच खड्डा खणला. कुणी हरकत घेईल म्हणून वर दगडसुद्धा ठेवला नाही, माती सारखी केली आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुढे निघाले. पुढे धम्म आला, शाळा आली, एसटीची नोकरी आली. आजोबा गेले, बरोबरची माणसं गेली. ती जागा माहीत असलेला जगात एकच माणूस उरला, आणि तो दरवर्षी दिवाळीनंतर एकटा तिथे जाऊन बसायचा.

"मला दाखवा," मी म्हणाले.

"तुला?" आप्पा म्हणाले. त्यांचा सूर वाईट नव्हता, पण खरा होता. मला वाटा कळत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? मला त्या बसमध्ये रडू आलं. इतकी वर्षं घरात ज्यावर हसलो, त्यापायी माझी आजी हरवणार होती.

मी साहेबांकडे यंत्र मागायला गेले. घरगुती कामासाठी हवंय म्हणाले. साहेबांनी भुवया उंचावल्या. "घरगुती म्हणजे काय? किराणा आणायला?" मग मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, कपाट उघडलं आणि यंत्र माझ्यासमोर ठेवलं. वर नव्या सेलचं पाकीट. "धीर धरा," एवढंच म्हणाले. त्या माणसाने कुणाला कपाटाची किल्लीसुद्धा दिली नव्हती. त्यांची आठवण निघाली की मी आजही मनातल्या मनात हात जोडते.

दिवाळीनंतर आम्ही दोघं निघालो. फाट्यावर उतरून बरंच चालल्यावर माळ लागला. आप्पांना समोरचं अजून दिसत होतं, फक्त मान सगळीकडे फिरवावी लागायची. ते सांगत होते, मी ऐकत होते. पश्चिमेला लांबवर साखर कारखान्याचं धुराडं. त्याच्या अलीकडे विहिरीवरचा मोठा लिंब. धुराडं बरोबर लिंबाच्या मागे लपलं पाहिजे. आणि दक्षिणेला देवळाचा कळस, तो मागच्या डोंगराच्या खिंडीत बसला पाहिजे. दोन्ही जुळलं की तीच जागा.

"खिंड कुठली?" मी विचारलं.

"आगं ती काय! म्हशीच्या पाठीवानी डोंगर हाय, त्येच्या म्होरं."

"आप्पा, सगळेच डोंगर म्हशीच्या पाठीसारखे दिसताहेत!"

"मंग डोळं काय गोट्या खेळाय दिलेत व्हय!"

भर माळावर आमचं भांडण झालं. लांबून शेरडं वळणारी एक म्हातारी थांबून बघायला लागली, तेव्हा आम्ही गप्प झालो.

खाटेएवढा एक सपाट दगड होता. तिथे आप्पांनी चपला काढल्या, पिशवी ठेवली. पुढे अनवाणी जायचं, हातात काही न्यायचं नाही, तिथे काही ठेवायचंही नाही, असा त्यांचा रिवाज होता. मी साहेबांचा शब्द आठवून यंत्र त्या दगडावर ठेवलं, कारण माळावर तेवढीच एक सपाट जागा होती. मग आप्पांच्या मागे गेले. पुढे बऱ्याच अंतरावर ते थांबले, मान वळवून इकडे तिकडे बघितलं आणि खाली बसले. मीही बसले. तिथे काहीसुद्धा नव्हतं. कुसळी गवत आणि खडे. पण आप्पांचा चेहरा असा झाला होता, की मला त्यांच्याकडे बघवेना.

परत आल्यावर दगडावरचं यंत्र उचललं. त्याने भरपूर वेळ घेऊन, अगदी धीराने सरासरी काढली होती. मी ती जागा साठवली आणि तिला नाव दिलं, आजी. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पुढचं वर्ष माझं चांगलं गेलं आणि आप्पांचं वाईट. मी त्या यंत्राच्या जोरावर नेवाशापासून अकोले तालुक्यापर्यंतची शेतं शोधून काढायला लागले. साहेब नव्या मुलांना म्हणायचे, "यंत्र शिकायचंय तर बाईंकडे जा." घरी हे सांगितलं तेव्हा आईने डोळे मोठे केले. पण आप्पांची नजर थेंबांना दाद देत नव्हती. दिवाळीपर्यंत त्यांना फक्त उजेड आणि सावल्या कळत होत्या.

"या साली ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. मी साहेबांकडून यंत्र आणलं.

फाट्यावर उतरल्यावर मी आप्पांचा हात धरला आणि बाण लावला. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. माळावर जिकडे तिकडे वेडी बाभूळ माजली होती, मध्येच कुणी नवा बांध घातला होता. बाण सरळ दाखवत होता आणि मी आप्पांना काटे चुकवत वळसे घालून नेत होते. अंतर कमी कमी होत गेलं. मग आकडे नाचायला लागले, आणि यंत्राने एका बाभळीच्या झुडपात आम्हाला आणून सोडलं.

"पोचलो का?" आप्पांनी विचारलं.

"हे म्हणतंय की पोचलो."

"तू काय म्हनतीस?"

मी वर बघितलं. धुराडं दिसलं. लिंब दिसेना. विहीर होती, तिच्यावर तोडलेल्या खोडाचा बुंधा होता. मला सांगणं भाग होतं. लिंब तोडलाय म्हटल्यावर आप्पांचा हात माझ्या हातात ढिला पडला. ते म्हणाले, "मंग आता कशी घावायची ती?" लहान मूल विचारतं तसं विचारलं त्यांनी. मला साहेबांचं बोलणं आठवलं, की नेमकं तुम्हालाच शोधायचंय. मला! मी मनात त्या परदेशी लोकांना, त्यांच्या उपग्रहांना आणि लिंब तोडणाऱ्याला जे सुचेल ते बोलून घेतलं.

आप्पांना बांधावर बसवून मी झुडपांतून फिरायला लागले. हातापायाला काटे ओरबाडत होते. आणि एका बाभळीमागे तो दगड दिसला. खाटेएवढा, सपाट. आनंदाने ओरडणार होते, तोच माझ्या लक्षात आलं. मागच्या वर्षी यंत्र या दगडावर होतं. मी पुढे गेले होते, यंत्र इथेच राहिलं होतं. त्याने आजीची जागा कधी बघितलीच नव्हती. वर्षभर मी 'आजी' नावाने जपली ती चपला काढायची जागा होती.

आप्पांना दगडापाशी आणलं आणि सांगून टाकलं. मला वाटलं, ते कपाळाला हात लावतील. आप्पा हसले. त्या वर्षात मी त्यांना पहिल्यांदाच तसं पोटभर हसताना बघितलं. "आगं येडे, चपला काढायची जागा घावली म्हंजी लई झालं की! लिंब न्हाई तर न्हाई. दगूड हाय ना?" त्यांनी चाचपून दगडावर चपला ठेवल्या. "आता हितनं धुराड्याकडं त्वांड कर. आन् सरळ चालायचं. लिंब बी त्याच वळीत हुता."

"पण खिंड? मला खिंड ओळखता येत नाही, आप्पा."

त्यांनी जरा विचार केला. या वेळी चिडले नाहीत. "डोंगर बघू नगं," ते म्हणाले. "डोंगराच्या वरचं आभाळ बघ. येका ठिकानी आभाळ खाली उतरलं असंल."

मी आभाळ बघितलं. आणि खरंच, त्या सगळ्या म्हशींच्या पाठींमध्ये एका ठिकाणी आभाळ खाली उतरलेलं होतं. इतकं स्पष्ट, की मागच्या वर्षी ते कसं दिसलं नाही याचं नवल वाटलं. "दिसलं, आप्पा! पण कळस तिथे नाही, खूप बाजूला आहे."

"असू दे. उभं राहून न्हाई व्हायाचं ते. चाल तू. चाललीस का कळस आपसूक सरकंल."

यंत्र मी पिशवीत ठेवलं. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि धुराड्यावर नजर ठेवून मी अनवाणी चालायला लागले. थोडं गेलं की डावीकडे बघायचं. कळस डोंगराच्या अंगावरून हळूहळू खिंडीकडे सरकत होता. आप्पा मागून विचारत होते, "आला का?" आणि मी म्हणत होते, "अजून नाही." पुन्हा, "आला का?" "जवळ आलाय." मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, की मी कुठे आहे आणि कुठे चालले आहे. ज्यांनी मला हे दाखवलं त्यांना ते दिसत नव्हतं. मला इतकं वाईट वाटत होतं आणि इतकं भाग्यवान वाटत होतं, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, कोण जाणे.

कळस खिंडीत बसला. मी थांबले.

"हितंच का?" आप्पांनी विचारलं.

आजवर ही जागा त्यांनी कुणाला विचारली नव्हती. आता मी जे म्हणेन तेच खरं होणार होतं. मी पुन्हा एकदा धुराडं बघितलं, मागे वळून दगड बघितला, कळस बघितला.

"हो आप्पा, इथेच."

ते खाली बसले. गवत बाजूला सारून तळहात मातीवर टेकला. मग चाचपडत माझा हात शोधला आणि तोही तिथे ठेवला, वर स्वतःचा हात.

"आये," ते म्हणाले, "ही तुजी नात. हिला वळखून ठेव. म्होरं हीच येनार हाय."